उतारावरची तीन मिनिटे

रेहानने तो फॉर्म आमच्यासमोर ठेवला तेव्हा रात्रीची जेवणे नुकतीच आटोपली होती. दस्तरखान अजून उचलायचा होता. फॉर्म दोन पानी होता. पहिल्या पानावर नाव, वय, रक्तगट. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिले होते की ही शर्यत धोक्याची आहे, स्पर्धकाला इजा होऊ शकते, याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. आणि त्याखाली पालकांच्या सहीसाठी एक रिकामी रेघ.

"कसली शर्यत?" दादींनी विचारले.

"सायकलची, दादी. डोंगरावरून खाली यायची."

दादींनी हातातला तांब्या खाली ठेवला. 'सायकल' आणि 'डोंगरावरून खाली' हे शब्द आमच्या घरात तीस वर्षांत कोणी एका वाक्यात उच्चारले नव्हते. सलीमचाचा कोपऱ्यात बसून बडीशेप निवडत होते, ते निवडतच राहिले. कोणी काही बोलेना. रेहानने फॉर्मची घडी घातली आणि तो दप्तरात ठेवून दिला.

आम्ही साताऱ्याला राहतो. आमच्यापैकी एकाचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, वडिलोपार्जित. दुसरी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे, म्हणून 'आम्ही' असेच लिहितो. जिथे एकट्याची गोष्ट येईल तिथे 'रेहानचे अब्बा' किंवा 'रेहानची अम्मी' म्हणू. मुलगा पंधरा वर्षांचा, नववीत. धाकटी झोया सहावीत.

आता त्या तीस वर्षांबद्दल. 1994 च्या जुलैत सलीमचाचा सतरा वर्षांचे होते. यवतेश्वरचा घाट सायकलवरून चढायचा आणि परत सुसाट खाली यायचे, हा तेव्हा साताऱ्यातल्या पोरांचा खेळ. त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. लोखंडी रिम ओली झाली की रबराचे ब्रेक तसेही नीट धरत नाहीत. एका वळणावर सायकल थांबली नाही. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. सहा महिने अंथरुणावर गेले, आणि तेव्हापासून चाचा किंचित लंगडतात. पुढे त्यांनी शिवणकाम शिकून घेतले, संसार थाटला, सगळे नीट झाले. पण त्या दिवसाबद्दल घरात कोणी बोलत नसे. दादी आजही घाटाच्या रस्त्याने जायचे म्हटले की गाडीत डोळे मिटून तसबीह फिरवतात.

अशा घरात रेहानने फॉर्म आणला होता.

त्याला हा नाद लागला तो आमच्याच दुकानात. गेल्या काही वर्षांत साताऱ्यात महागड्या सायकली दिसू लागल्या. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमुळे आधीच घाटात धावणाऱ्यांची गर्दी, त्यांच्या जोडीला सायकलवालेही वाढले. त्यांच्या सायकली दुरुस्तीला येत आणि शाळा सुटल्यावर रेहान त्या बघत बसे. इंजिनिअरिंगला असलेल्या निखिल नावाच्या मुलाने त्याला सुटीच्या दिवशी डोंगरातल्या वाटेवर नेले. मग हे प्रत्येक रविवारी होऊ लागले. आम्हाला वाटे, पोरगा मोबाइल सोडून बाहेर पडतोय, चांगलेच आहे. वाटेचा उतार किती, हे आम्ही कधी विचारले नाही. खरे सांगायचे तर उत्तर नकोच होते म्हणून विचारले नाही.

फॉर्म आला त्या रात्री आम्ही दोघे उशिरापर्यंत जागे होतो. 'नाही' म्हणणे सोपे होते. पण नाही म्हटल्याने तो डोंगरावर जायचा थांबेल, याची खात्री आम्हा दोघांनाही नव्हती. फरक इतकाच पडणार होता की मग तो सांगून जाणार नव्हता. रेहानची अम्मी वर्गात हे रोज पाहते. ज्या मुलाला घरून फक्त नकार मिळतो, तो उत्तम खोटे बोलायला शिकतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला समोर बसवले आणि म्हणालो, "आधी आम्हाला हे काय आहे ते समजावून सांग. पुढचं मग बघू."

त्याने समजावले. डाउनहिल शर्यतीत सगळे एकदम सुटत नाहीत. एकेक स्पर्धक ठरावीक अंतराने वरून निघतो आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल तो जिंकतो. म्हणजे शेजाऱ्याला धक्का देणे नाही, गर्दी नाही. आपण, उतार आणि घड्याळ. जगात या शर्यती साधारण दोन ते पाच मिनिटांच्या असतात. मोठे खेळाडू ज्या सायकली वापरतात त्यांच्या दोन्ही चाकांना शॉक असतात आणि पुढचा शॉक 200 मिलिमीटरपर्यंत दबतो. त्या सायकली काही लाखांच्या. पण या स्पर्धेत नवशिक्यांचा वेगळा गट होता आणि त्यात फक्त पुढे शॉक असलेली साधी माउंटन सायकल चालत होती. तशी एक सायकल निखिलच्या मित्राकडून अठरा हजारांत मिळणार होती.

"ऑलिम्पिकमध्ये आहे का हे?" त्याच्या फुफाजींनी फोनवर विचारले. त्यांच्या मते जो खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही तो खेळच नव्हे. रेहान म्हणाला, "माउंटन बाइकची क्रॉस-कंट्री शर्यत 1996 पासून आहे. डाउनहिल नाही. पण डाउनहिलची जागतिक स्पर्धा 1990 पासून होते." फुफाजींनी विषय बदलला.

रेहानच्या अब्बांचे मन मात्र एका वेगळ्याच गोष्टीने वळले. रेहानने त्यांना या खेळाचा उगम सांगितला. अमेरिकेत कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, काही तरुण जुन्या जाडजूड सायकली घेऊन डोंगराच्या कच्च्या रस्त्याने खाली यायचे. 1976 मध्ये त्यांनी त्याची शर्यत केली. सुमारे 1,300 फुटांचा उतार. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या आत असायचा, पायडल उलटे दाबले की लागणारा. खाली येईपर्यंत हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा, आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागायचे. इंग्रजीत या पुन्हा भरण्याला 'रिपॅक' म्हणतात, म्हणून त्या शर्यतीचे नावच 'रिपॅक' पडले.

"म्हणजे शर्यतीचं नाव मेकॅनिकच्या कामावरून पडलं?" अब्बांनी विचारले. आयुष्यभर हब उघडून छर्रे धुणाऱ्या आणि ग्रीस भरणाऱ्या माणसाला याचा काय आनंद झाला, ते शब्दांत सांगता येणार नाही.

तरीही सही झाली नव्हती. घरात आणखी दोन माणसे होती. दादींना विचारायला अम्मी गेल्या. त्यांनी वाद घातला नाही. जे खरे होते ते सांगितले. तो तसाही जाणार आहे, आपण सोबत असलो तर निदान नीट जाईल. दादी बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी आम्हाला आमच्या लहानपणापासून ऐकवलेली हदीसच पुन्हा ऐकवली. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे एकाने विचारले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला आधी उंट बांधायला सांगितले होते. "तुम्ही उंट नीट बांधा," दादी म्हणाल्या, "दुआ मी करते." आणि सलीमचाचा फक्त एवढेच म्हणाले, "ब्रेक मी बघेन रोज."

पुढचे तीन महिने आमच्या घरात उंट बांधण्याचेच काम चालले.

पहिली गोष्ट हेल्मेट. हनुवटीपर्यंत झाकणारे, मोटारसायकलच्या हेल्मेटसारखे. नवे घ्यायचे तर सायकलच्या किमतीच्या जवळजवळ निम्मे पैसे. एकाकडे जुने स्वस्तात मिळत होते, पण निखिलने आम्हाला अडवले. हेल्मेटच्या आतला फोम एकदा जोराचा मार खाल्ला की आतल्या आत दबतो. वरून काही दिसत नाही, पण पुढच्या वेळी तो डोके वाचवीलच असे नाही. कोणाचे हेल्मेट कधी आपटले हे आपल्याला कसे कळणार? आम्ही नवे घेतले. ईदच्या कपड्यांचे पैसे त्यात गेले, आणि झोयाने त्याचा हिशेब अजून सोडलेला नाही. गुडघ्याचे आणि कोपराचे गार्ड, पाठीचे कवच, पूर्ण बोटांचे हातमोजे हे हळूहळू जमवले.

दुसरी गोष्ट हवा. दुकानातली सवय अशी की टायर दगडासारखा टणक झाला की पंप थांबवायचा. अब्बांनी तसाच भरला. रेहान पहिल्याच उतारावर टणाटण उडत खाली आला. मुरमाच्या वाटेवर टायर थोडा मऊ हवा, म्हणजे तो जमीन धरतो. पण फार मऊ ठेवला तर दगडावर आपटताना ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोके पडतात. पंक्चर काढणाऱ्याला ही जोडभोके लगेच ओळखू येतात. चार पंक्चरांनंतर आम्ही आकड्यावर आलो: पुढे 28, मागे 30. तो आकडा झोयाने खडूने दुकानाच्या फळीवर लिहून ठेवला.

तिसरी गोष्ट बसणे, म्हणजे खरे तर न बसणे. उतारावर सीटवर बसायचेच नाही. दोन्ही पायडल एका पातळीत, टाचा खाली, गुडघे आणि कोपर वाकलेले, कंबर जरा मागे. ब्रेकवर एकच बोट, बाकीची बोटे हॅण्डल पकडायला. ब्रेक वळणात लावायचा नाही, वळणाच्या आधी लावायचा. आणि डोळे पुढच्या चाकावर नकोत, जिथे जायचे आहे तिथे हवेत. दगडाकडे बघाल तर दगडावरच जाल. अम्मींनी हे ऐकले आणि म्हणाल्या, "हे तर मी वर्गात रोज सांगते."

हे सगळे अंगवळणी पडावे म्हणून तो फजरनंतर अजिंक्यताऱ्याच्या बाजूच्या पायवाटांवर जाई. आमच्यापैकी कोणीतरी एक सोबत असे. झोया रविवारी वहीच्या मागच्या पानावर वेळ मांडे. पावसाळा संपला तशी वाटेची तऱ्हा बदलत गेली. सप्टेंबरात चिखल, ऑक्टोबरात छान घट्ट माती, आणि नोव्हेंबर उजाडला तसा वरचा मुरूम सुटा होऊन पायाखाली छर्ऱ्यांसारखा घरंगळू लागला. तीच वाट, पण दर महिन्याला ती नव्याने शिकावी लागली.

एका सकाळी एका वळणावर फिरायला आलेले एक वृद्ध गृहस्थ समोर आले. रेहान त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेला. ते घाबरून खाली बसले. लागले काही नाही, पण काठी निसटून झुडपात पडली. रेहान खाली जाऊन थांबला होता. त्याला वाटले, लागले तर नाही, मग झाले. अब्बांनी त्याला सायकल ढकलत वर आणायला लावली. त्याने काठी शोधून दिली, माफी मागितली आणि त्यांना हात धरून सपाटीपर्यंत सोडले. त्या दिवसापासून नियम झाला. वाट चालणाऱ्याची आहे. माणूस दिसला की पाय जमिनीवर. वेग फक्त तिथे, जिथे आपण आधी चालत जाऊन वाट मोकळी असल्याचे पाहिले आहे आणि खाली आपला माणूस उभा आहे. त्यामुळे आठवड्यातल्या फेऱ्या निम्म्या झाल्या. रेहान कुरकुरला. आम्ही ऐकले नाही.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

शर्यतीला आठ दिवस राहिले होते. रात्री दुकान बंद करताना रेहानच्या अब्बांनी सायकल स्टँडवर चढवली आणि चेनला तेल मारले. पस्तीस वर्षांची सवय. फडक्याने पुसले आणि घरी आले. सकाळी रेहान निघायच्या आधी सलीमचाचांनी रोजच्याप्रमाणे सायकल दुकानासमोर दहा पावले चालवली आणि मागचा ब्रेक दाबला. ब्रेक किंचाळला, आणि चाक फिरतच राहिले.

स्प्रेच्या तेलाचे तुषार मागच्या डिस्कवर उडाले होते. आमच्या जुन्या सायकलींच्या चेनला तेल थोडे जास्त लागले तरी फारसे बिघडत नाही. पण डिस्क ब्रेकला तेलाचा थेंबही चालत नाही. पॅड तेल पिऊन बसतात आणि मग घासूनही उपयोग होत नाही. आम्हाला हे माहीत होते. निखिलने सांगितले होते, आणि दुकानात पाटी लावावी इतके आम्ही ते इतरांना सांगतही होतो. तरी हात सवयीने चालला.

रेहान म्हणाला, "असू दे ना अब्बा, आज पुढच्या ब्रेकवर जाऊन येतो. संध्याकाळी बदलू."

अब्बा तिथेच स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. रेहानला काही कळेना. अम्मी शाळेला निघाल्या होत्या, त्या थांबल्या. घरात ही गोष्ट फक्त त्यांना माहीत होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एका रात्री त्यांना ती सांगितली गेली होती.

1994 च्या त्या सकाळी अब्बांनी धाकट्या भावाच्या सायकलच्या ब्रेकचे रबर पाहिले होते. झिजून लोखंड दिसायला लागले होते. दुकानात त्या दिवशी गिऱ्हाइकांची गर्दी होती. त्यांनी स्वतःशी म्हटले होते, संध्याकाळी बदलू. दुपारी फोन आला. नंतर वडील विचारत राहिले, आई रडत राहिली, भाऊ अंथरुणावर पडून राहिला, पण त्यांच्या तोंडून ते वाक्य कधी बाहेर पडले नाही. आज त्यांनी ते सांगितले. मुलासमोर, भावासमोर, सकाळी साडेसहाला, दुकानाच्या पायरीवर.

सलीमचाचा सायकल धरून उभे होते. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाई, मीही पाहिलं होतं रबर. निघताना. मलाही वाटलं होतं, संध्याकाळी बदलू."

दोन भाऊ, एक दुकान, रोजची भेट, आणि तीस वर्षे दोघांनी तेच वाक्य वेगवेगळे उराशी धरून ठेवले होते. एकाला वाटत होते, माझ्यामुळे त्याचा पाय गेला. दुसऱ्याला वाटत होते, माझ्या हट्टापायी भाई आयुष्यभर घाटाकडे बघत नाही. आम्ही यावर जास्त लिहीत नाही. त्या पायरीवर जे झाले ते त्या दोघांचे आहे. चहा मागवला गेला आणि तो तसाच निवला, एवढेच सांगतो.

रेहान त्या दिवशी डोंगरावर गेला नाही. त्याला कोणी अडवले नव्हते. त्याने स्वतःच चाक उतरवले. औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून डिस्क स्वच्छ पुसली. पॅड काढून टाकले. नवे पॅड साताऱ्यात मिळाले नाहीत, ते निखिलने पुण्याहून पाठवले. नवे पॅडही लगेच धरत नाहीत, ते बसवून घ्यावे लागतात. सपाट रस्त्यावर थोडा वेग घ्यायचा, हळूहळू ब्रेक दाबून चालण्याच्या गतीवर यायचे, चाक जाम करायचे नाही, पुन्हा वेग घ्यायचा. असे वीस वेळा. सलीमचाचा दुकानासमोर उभे राहून मोठ्याने मोजत होते. त्याच रात्री फॉर्मवर सह्या झाल्या. रेघ एकच होती, पण सह्या तीन केल्या. अब्बांची, अम्मींची आणि त्याखाली जेमतेम मावलेली चाचांची.

सही करण्याआधी अम्मींनी आयोजकांना फोन लावून काही प्रश्न विचारले. कोणत्याही आईवडिलांनी हे विचारावेत असे आम्हाला वाटते. रुग्णवाहिका जागेवर असेल का, की बोलवावी लागेल? डॉक्टर आहेत का? सर्वांत जवळचे हाडांचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे? वाटेवर झेंडा घेऊन माणसे किती अंतरावर उभी असतील, आणि एखादा पडला तर मागून येणाऱ्याला कोण थांबवणार? उत्तरे नीट मिळाली. ती मिळाली नसती तर आम्ही गेलो नसतो, हे रेहानला आधीच सांगितले होते.

शर्यत पुण्याजवळच्या एका डोंगरावर, डिसेंबरातल्या रविवारी होती. आम्ही शनिवारीच पोहोचलो. दादी घरी राहिल्या, चाचा आमच्यासोबत आले. पहिल्या दिवशी कोणी सायकल चालवत नाही. सगळे वाट पायी उतरतात. जेमतेम सव्वा किलोमीटर, पण उतरायला दीड तास लागला. रेहान प्रत्येक वळणावर थांबे, मागे वळून बघे, दगड पायाने हलवून बघे. निम्म्यावर एक कडा होता, सुमारे चार फुटांचा. त्यावरून सायकलसकट उडी घ्यायची. त्याच्या डावीकडून एक लांबची वाट वळसा घालून खाली येत होती. तिने उडी टळे, पण काही सेकंद जात.

आमची अट एकच होती, आणि ती महिनाभर आधी ठरली होती. जे सरावात नीट केले नाही ते शर्यतीत करायचे नाही. रविवारी सकाळी सरावाच्या दोन फेऱ्या मिळाल्या. पहिल्या फेरीत रेहान कड्यापाशी येऊन थांबला. दुसऱ्या फेरीतही थांबला. त्याच्याच वयाचे दोघे-तिघे उड्या घेऊन खाली गेले होते. खाली आल्यावर त्यांच्यातला एक हसून काही बोलला. रेहानने आम्हाला ते सांगितले नाही, पण त्याचे कान लाल झाले होते. आम्हीही विचारले नाही. त्या दोन तासांत त्याला काही सांगावे, समजवावे, असे आम्हाला शंभरदा वाटले. चाचा म्हणाले, "आता गप्प बसा. आता जे आहे ते त्याच्या हातात."

जुहरची नमाज आम्ही शेवटच्या रेषेमागे, झाडाखाली चटई टाकून अदा केली. स्वयंसेवकांतल्या एकाने न सांगता तिथल्या स्पीकरचा आवाज कमी केला. त्या अनोळखी मुलाचे आम्ही मनोमन आभार मानले.

मग वाट बघणे. डाउनहिलमध्ये पालकांना काही दिसत नाही. वर शिट्टी होते, मग झाडी, आणि मग शेवटच्या पन्नास मीटरमध्ये एकदम धूळ आणि एक हेल्मेट. मधली सगळी वाट फक्त कल्पनेत असते. एक मुलगा आला. दुसरा आला. तिसरा आलाच नाही. वाटेवर पिवळा झेंडा हलल्याचे कोणीतरी सांगितले आणि अम्मींनी अब्बांचे मनगट इतके घट्ट धरले की नखे उमटली. तो दुसरा कोणाचा मुलगा होता. खरचटले होते, चालत खाली आला. त्याच्या आईला आम्ही पाणी दिले. ती आमच्यासाठी परकी राहिली नव्हती.

मग रेहान सुटला. शिट्टी ऐकू आली. चाचा घड्याळ बघत होते. अब्बा जमिनीकडे. अम्मींचे ओठ हलत होते. धूळ दिसली, निळे हेल्मेट दिसले, आणि तो रेषा ओलांडून पार पुढे जाऊन थांबला. त्याने ब्रेक लावला. सायकल थांबली. आम्ही तिघांनीही आधी तेवढेच पाहिले.

"वळशानं आलो," हेल्मेट काढत तो म्हणाला. आवाजात थोडी लाज होती. "उडी घेता आली असती बहुतेक. पण बहुतेकच."

चाचांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळाचे चुंबन घेतले. "बहुतेक म्हणून मी गेलो होतो," ते म्हणाले.

एकोणीस मुलांत रेहान चौदावा आला. वेळ तीन मिनिटे बावीस सेकंद. त्याच्यावर हसणाऱ्या मुलाने उडी घेतली, तो छान उतरला आणि चौथा आला. हेही खरे आहे आणि ते लिहिले पाहिजे. धोका पत्करणारे सगळेच पडतात असे नाही, आणि सावध राहणाऱ्याला बक्षीस मिळतेच असेही नाही. परतताना गाडीत रेहान बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. खंबाटकी घाटाच्या आसपास तो म्हणाला, "पुढच्या वर्षी दहावी आहे. शर्यत नाही करणार. पण ती उडी मी शिकणार आहे. आधी एक फुटाची, मग दोन." आम्ही एकमेकांकडे पाहिले. नाही म्हणावेसे वाटले, पण म्हटले नाही. एका फुटापासून सुरुवात करतो म्हणणाऱ्या मुलाला काय म्हणणार?

घरी पोहोचलो तेव्हा दादी दारातच बसल्या होत्या. आधी त्यांनी रेहानचे दोन्ही पाय गुडघ्यापासून खालपर्यंत चाचपून पाहिले. मग विचारले, "किती वेळ लागला?"

"तीन मिनिटं बावीस सेकंद, दादी."

"आणि तयारी?"

"तीन महिने."

दादींनी मान हलवली. "तीन मिनिटांसाठी तीन महिने," त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "बरोबर आहे."

हा लेख वाचणाऱ्या बऱ्याच घरांत डाउनहिल सायकल नसेल. पण काहीतरी असेलच. कोणाचा मुलगा पोहायला जाऊ म्हणतो, कोणाची मुलगी दुसऱ्या शहरात शिकायला जाऊ म्हणते, कोणाला मोटारसायकल हवी आहे. उतार प्रत्येकाच्या दारात येतो. आमचा अनुभव एवढाच की नुसत्या नकाराने मूल उतारावर जायचे थांबत नाही, आणि नुसत्या होकाराने सुखरूप खाली येत नाही. मधले काम आपले. ते कंटाळवाणे असते. रोज ब्रेक दाबून बघायचे, हवा मोजायची, प्रश्न विचारायचे, आणि वाटेवरच्या म्हाताऱ्याची काठी शोधून द्यायला लावायची.

सलीमचाचा आता दर शुक्रवारी जुम्म्याहून येताना दुकानात डोकावतात आणि दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक सायकलचा ब्रेक एकदा दाबून बघतात. शाळकरी पोरांच्या सायकलींचे रबर झिजलेले असले, तर गिऱ्हाइकाने सांगितले नसले तरी अब्बा ते तिथल्या तिथे बदलतात. पैसे कधी मिळतात, कधी नाही. फळीवर झोयाच्या अक्षरातला '28-30' अजून आहे, कोणी पुसलेला नाही. त्याच्याखाली रेहानने खडूने दोनच शब्द लिहिले आहेत: आत्ताच बदला.